आकड्याचा मुक्काम पोस्ट

मराठवाड्यात आकडा तीन प्रकारचा असतो. पहिला मटक्याचा, तो लावतात. दुसरा महावितरणच्या तारेवरचा, तो टाकतात. तिसरा करोनाचा, तो २०२० मध्ये आला. तो संध्याकाळच्या प्रेसनोटमधून निघे आणि जेवणाची ताटे मांडायच्या आत प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचे. पहिल्या दोन आकड्यांचा वस्तुस्थितीशी रोखठोक संबंध असतो: पैसे जातात, नाहीतर दिवा लागतो. तिसऱ्यावर तशी सक्ती नव्हती.

हा आकडा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो, पण जिल्ह्याचा असेलच असे नाही. लातूरच्या खात्यात पहिले ८ रुग्ण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले. ते हरियाणाहून निघून निलंग्यात थांबलेले आंध्र प्रदेशचे प्रवासी. १२ जण तपासले, ८ बाधित निघाले. लातूरकरांचा त्यात वाटा एवढाच, की निलंगा वाटेत लागले.

नांदेडात उलटे घडले. २२ एप्रिलला पीरबुऱ्हाणनगरात पहिला रुग्ण सापडेपर्यंत जिल्ह्याचा अहवाल निरंक होता. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे सुमारे ४ हजार यात्रेकरू टाळेबंदीत महिनाभर याच शहरात अडकले होते. एप्रिलअखेर ते बसने घरी पोचले, तिथे तपासणी झाली आणि हजाराहून अधिक जण बाधित निघाले. लागण नांदेडची, वाटेतली, की बसच्या चालकांची, यावर दोन राज्यांत वाद रंगला. विषाणूला तहसीलमधून रहिवासी दाखला मिळत नसल्याने वाद निकाली निघाला नाही. नियम मात्र हाती लागला: रुग्ण जिथे तपासतात तिथे मोजतात, आणि जिथे तपासत नाहीत तिथे निरंक.

आकड्याची टक्केवारी करायला भाजक लागतो. भाजक २०११ च्या जनगणनेचा: नांदेड ३३ लाख ६१ हजार, लातूर २४ लाख ५४ हजार. २०११ साली पाळण्यात असलेले पोर टाळेबंदीत चौथीत गेले होते. भाजकात ते अजून पाळण्यातच. पुण्या-मुंबईहून परतून झेडपीच्या शाळेत विलगीकरणात बसलेली माणसे कोणत्या गावच्या भाजकात धरायची, हे कुणी विचारले नाही. नवी जनगणना २०२१ ला व्हायची होती. साथीने किती माणसांना गाठले हे जिच्यावरून ताडता आले असते, ती मोजणी साथीनेच खाल्ली. तिची नवी तारीख १ मार्च २०२७.

टक्केवारीत लातूरला कुणी शिकवायला नको. परीक्षेच्या तयारीचा 'लातूर पॅटर्न' दशांशचिन्हापुढच्या घरांवर उभा आहे. पण क्लासेस बंद पडून पोरे गावी गेली, तेव्हा किती खोल्या रिकाम्या झाल्या, किती खानावळींची चूल विझली, डबे पोचवणारा पुढे काय करू लागला, हे दशांशात कुणी मांडले नाही. शहराच्या पोटावर साथीचा परिणाम बघायचा तर रुग्णसंख्येआधी खानावळवाल्याची उधारीची वही मागावी लागते. ती कोणत्याही पोर्टलवर चढवलेली नाही, म्हणून बहुधा खरी आहे.

जिल्ह्याच्या आत खरोखर डोकावण्याचा एक प्रयत्न भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केला. मे २०२० पासूनच्या रक्तपाहणीत देशातले ७० जिल्हे होते. नांदेड त्यांत होते, लातूर नव्हते. पहिल्या फेरीत जिल्ह्यातली १० ठिकाणे निवडायची, ४०० प्रौढांचे रक्त घ्यायचे आणि प्रतिपिंडे शोधायची, अशी रीत. पाहणी देशाच्या अंदाजासाठी आखलेली असल्याने एवढ्या नमुन्यांवर जिल्ह्याचा नेमका दर सांगता येत नाही. तरी तिने मोठे काम केले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत देशभरात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. लस न घेतलेल्यांतही ६२ टक्के. अधिकृत रुग्ण तेव्हा ३ कोटींच्या आसपास, म्हणजे शंभरात दोन-तीन. उरलेल्या साठेकांना साथ होऊन गेली होती, फक्त प्रेसनोटला कळवायचे राहिले होते.

त्याआधी, १५ सप्टेंबर २०२० पासून, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाला दम लागतो, हे सारे विचारले गेले. गावागावांच्या तब्येतीची एवढी बारीक माहिती एकदम क्वचितच गोळा झाली असेल. बैठकांत चर्चा झाली ती किती टक्के घरे 'झाली' याची. घरात काय झाले, हा पुढच्या टप्प्याचा विषय होता. पुढचा टप्पाही टक्केवारीतच पार पडला.

उरतो मृत्यू. साथीची खोली मोजायची सर्वांत जुनी पद्धत सोपी आहे: गावच्या मृत्यू नोंदवहीतला एप्रिल-मे २०२१ घ्यायचा, २०१८ आणि २०१९ चे तेच महिने शेजारी ठेवायचे आणि वजाबाकी करायची. कारणाच्या रकान्यात 'ताप' लिहिले काय आणि 'वृद्धापकाळ' लिहिले काय, वजाबाकीला फरक पडत नाही. देशाच्या नोंदणीत असे दिसते: २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख मृत्यू, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याची, सगळी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने करोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजारांची मदत जाहीर झाल्यावर जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात अर्ज आले २ लाख १३ हजार ८९०. शासनाच्या नोंदीत मृत्यू १ लाख ४१ हजार ७३७. दुबार अर्ज वगळले, नियम सैल होते हे धरले, तरी आधी न मोजलेली बरीच माणसे भरपाईच्या रांगेत सापडली.

नोंदवहीचाही स्वभाव ओळखावा लागतो. १९६९ च्या कायद्याने मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो, खेड्यात ग्रामपंचायतीकडे. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो वेळेत मरतो, कारण वारसांना फेरफार करून घ्यायचा असतो. जिच्या नावावर शेत नाही, विमा नाही, खाते नाही, तिच्या मरणाचा दाखला कुणालाच लागत नाही. ती नुसतीच जाते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२१ च्या उन्हाळ्यात गेलेल्या अशा एखाद्या आजीला आज सरकारदरबारी मरायचे असेल, तर तिच्या वतीने अर्ज आणि शपथपत्र करावे लागेल, आणि सोबत तिच्या मृत्यूची नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. तो दाखला लगेच मिळतो.