शिव शिव! तिरप्या अक्षरांचंही कुळ काढलं!

अहो, ऐकलंत का? सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये आता शनिवारी चार मराठी माणसांत बसायची सोय राहिली नाही. पूर्वी इथल्या हबमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन टेकलं की विषय ठरलेले असायचे: पीएसएलई परीक्षेचे मार्क, घरभाडं, आईवडिलांचा पास. हल्ली आयटीवाल्या जावयांपासून पॉलिटेक्निकला जाणाऱ्या लेकरांपर्यंत सगळ्यांचा एकच धोशा, 'ईएम'ला स्वतंत्र टाइप हवा की नको! बाई बाई, ह्यासाठी का समुद्र ओलांडला?

ज्यांच्या घरात ही साथ अजून शिरलेली नाही, त्यांना प्रकरण सांगते. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, मजकुराचा अर्थ सांगणारे टॅग असतात. जोर द्यायला 'ईएम', महत्त्वाचं सांगायला 'स्ट्राँग', ग्रंथनामाला 'साइट', कळफलकावरच्या कळीला 'केबीडी'. नोव्हेंबर 1995च्या एचटीएमएल 2.0मध्येही ही मंडळी होतीच, म्हणजे घराणं जुनं आहे. नवं खूळ असं, की हे टॅग नुसत्या स्ट्रिंगमध्ये लिहायचे नाहीत. लायब्ररीत त्यांना रीतसर टाइप द्यायचे, म्हणजे चूक झाली की पान उघडायच्या आधीच कंपायलर डोळे वटारतो. स्काला भाषेत ली हाओयी यांची 'स्कालाटॅग्ज' आहे. रस्ट भाषेत बोडिल स्टोके यांची 'टाइप्ड-एचटीएमएल' तर त्याहून सोवळी, कोणाच्या पोटात कोण राहू शकतो हेसुद्धा ती तपासते!

आता टॅम्पिनीसकरांना ह्याचं नवल का वाटावं? एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, प्रत्येक ब्लॉकला 1989पासून वांशिक प्रमाणाची मर्यादा आहे. ती भरली की त्या गटाच्या नव्या माणसाला दुसऱ्या गटाच्या माणसाकडून तिथलं घर घेता येत नाही. एचटीएमएल डोकी मोजत नाही, पण वस्तीचे नियम त्याचेही कडक. 'पी'च्या परिच्छेदात 'डिव्ह'ला जागा नाही, एका दुव्यात दुसरा दुवा नाही. आणि नियम मोडला तर? ब्राउझर तोंडातून ब्र काढत नाही. 'डिव्ह' दिसताच 'पी' गुपचूप बंद करतो, मांडणी विसकटते, आणि आमचे भावजी रात्री दोनपर्यंत सीएसएसला शिव्या घालतात. इथे टाइपवाल्यांचं म्हणणं मला, नाइलाजाने का होईना, पटतं.

पण खरी लफडी पुढेच आहेत. ज्या ब्राउझरसाठी हा खटाटोप, त्याच्याच लेखी 'ईएम', 'स्ट्राँग', 'बी', 'आय', 'साइट', 'कोड' ह्यांना वेगळा टाइपच नाही! सगळे सरसकट 'एचटीएमएल-एलिमेंट'. टाइपस्क्रिप्टनेही तेच उचललं, म्हणून 'ईएम' मागणाऱ्या फंक्शनला तुम्ही 'बी' द्या, ते हू की चू करत नाही. त्याहून कहर म्हणजे 'इन्स' आणि 'डेल'. एक नव्याने घातलेल्या मजकुराचा, दुसरा खोडलेल्याचा, आणि दोघांचा टाइप एकच! म्हणे 'एचटीएमएल-मॉड-एलिमेंट'. जोडणारा नि खोडणारा एकाच छपराखाली, आणि कोणाला काही वाटत नाही.

'यू'चं तर विचारूच नका. शाळेत आपण महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायचो. आता 'यू' म्हणे चुकलेलं स्पेलिंग दाखवायला, नाही तर चिनी मजकुरातली विशेषनामं दाखवायला. इथे निदान शेजाऱ्यांच्या तरी उपयोगी पडेल.

आता ह्या टाइपवाल्यांना एक प्रश्न टाकून बघा. 'साइट' हा टॅग कलाकृतीच्या नावासाठी आहे, माणसाच्या नावासाठी नाही. मानकातच तसं म्हटलंय. त्यात 'बटाट्याची चाळ' घाला, कंपायलर खूश. पु. ल. देशपांडे घाला, कंपायलर तितकाच खूश! 'अ‍ॅड्रेस'मध्ये मावशीचा पुण्याचा पत्ता घाला, तोही मुकाट चालतो. तो टॅग असतो लेखाच्या किंवा पानाच्या कर्त्याशी संपर्क साधायला, पण टाइपला त्याची काय दखल? टॅग कुठे बसलाय एवढं त्याला दिसतं. आत लिहिलंय काय, हे वाचायला माणूसच लागतो.

मराठीवाल्यांची आणखी एक गंमत. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपं वळण मुळात नसतंच. 'ईएम' आला की ब्राउझर बिचाऱ्या अक्षरांना ढकलून कलंडवतो आणि शिरोरेषेखाली सगळी बसमधल्यासारखी झुकलेली. अहो, मराठी मजकुरातला 'ईएम' तिरका न करता ठळक दाखव, एवढं सीएसएसमध्ये एका नियमात सांगता येतं! पण टाइपच्या पंधरा फायली लिहिणाऱ्याला तो नियम लिहायला सवड नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. साधा मजकूर आणि एचटीएमएल ह्यांचे टाइप वेगळे ठेवले, की कोणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग खुपसला तरी तो पानावर चालत नाही, नुसती अक्षरं दिसतात. ह्या खुळातलं सगळ्यात कामाचं तेवढंच, आणि नेमकं तेच कोणी चवीने बोलत नाही. तेव्हा तुमच्याकडच्या बाळाला हा नाद लागला असेल, तर आधी तेवढं करून दाखव म्हणावं. 'बी' आणि 'स्ट्राँग'च्या कुळाचं पुढच्या शनिवारी बघू, आणि तेही कोपीचे पैसे त्यानेच द्यायचे.