कान सगळ्यात शेवटी

भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या माणसाला हेडफोन कशाला हवा, हा प्रश्न भाईंदर पूर्वेला न राहणारा माणूसच विचारू शकतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. आमच्या नवघर रोडला कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करायलाही याहून जास्त आवाज लागतो. पहाटे खाडीपुलाकडे निघालेल्या गाडीचा भोंगा, मग शाळेच्या रिक्षा, मग भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली आरोळी. ती संपते न संपते तोच स्टीलच्या भांड्यांचे गाळे सुरू होतात. भाईंदर या भांड्यांसाठी नावाजलेलं आहे. दुकानात ताटात आपला चेहरा दिसतो तेव्हा ते ताट पॉलिशच्या चाकावर किती किंचाळलं असेल, याची गिऱ्हाइकाला कल्पना नसते. आम्हाला असते.

तेव्हा हेडफोन हवा हे ठरलं. कसा हवा, यावर घरात बैठक बसली. मला तो लोकलमध्ये हवा होता, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला हवा होता आणि रात्री निजानीज झाल्यावर किशोरीताई ऐकायला हवा होता. अण्णांना दुपारच्या नाट्यसंगीतासाठी हवा होता. मुलीला क्लासची लेक्चर्स ऐकायला, निदान ऐकते आहे असं दिसायला हवा होता. बायकोला तो आम्हा तिघांच्या कानांवर हवा होता, कारण मग घरात बोलणारी ती एकटीच उरली असती. असा बहुगुणी हेडफोन सहा हजारांत बसवायचा होता. एवढ्या पैशात नवा घ्यायला गेलं तर बहुगुणांपैकी एखाद-दुसरा गुण पदरात पडतो. म्हणून मी सेकंडहँडचा विषय काढला.

"म्हणजे उष्टा?" बायको म्हणाली.

या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. कानाच्या आत घुसणारी बोंडं दुसऱ्याची कधीच घेऊ नयेत. कानाभोवती बसणाऱ्या मोठ्या हेडफोनची गोष्ट निराळी. त्याची कुशन बदलता येतात, बाकीचं पुसता येतं. कुशन बदलली की तो सोवळ्यात आला, असं मी घरी जाहीर केलं. अण्णांनी दुजोरा दिला, कारण त्यांना नाट्यसंगीत दिसत होतं.

हेडफोन कानाने निवडायचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नव्याच्या बाबतीत ती खरी असेल. जुना घेताना बाकीची सगळी इंद्रियं आधी कामाला लागतात आणि कानाचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. त्यातही आपल्याकडे मन हे अकरावं इंद्रिय मानलेलं आहे. जुन्या बाजारात शिरताना ते घरी ठेवून जावं.

माझं मन सेनहायझरच्या एचडी ६०० वर गेलं होतं. हे मॉडेल १९९७ चं. अजून बाजारात आहे आणि जाणकार त्याचं नाव कानाच्या पाळीला हात लावून घेतात. पण त्याची पाठ उघडी, नुसती जाळी. अशा उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं, कारण आवाज कोंडला जात नाही. अर्थात जो आतून बाहेर जाऊ शकतो तो बाहेरून आतही येऊ शकतो. म्हणजे आमच्या किशोरीताईंना वरच्या मजल्यावरच्या मिक्सरची साथ, आणि शेजारच्यांना त्यांच्या मालिकेत आमचा यमन. शिवाय त्याचा विद्युतरोध ३०० ओहम. साध्या फोनला तो ओढताना धाप लागते, त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. हे सगळं मनाला समजावून सांगितलं आणि बंद पाठीचा, कमी ओहमचा हेडफोन शोधायचं ठरलं. बंद पाठीचा आणखी एक फायदा आहे. बाहेरचा गोंगाट अडला की आतला आवाज चढवावा लागत नाही. आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाईंदरकराच्या वाट्याचे तास लोकलच्या फलाटावरच बरेचसे खर्ची पडलेले असतात.

वायरलेस मात्र मी पहिल्या फेरीतच बाद केला. जुन्या वायरलेसबरोबर आधीच्या मालकाने वापरून उरवलेली बॅटरी येते आणि ती किती उरली आहे हे त्यालाही माहीत नसतं. वायर असलेल्याला म्हातारपण येतं ते दिसतं तरी. फक्त ती वायर काढघाल करता येणारी हवी, ही लोकलची अट. भाईंदर लोकलमध्ये चढताना वायर शेजाऱ्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकली आणि तो अंधेरीला उतरला, तर नुसती वायर उतरावी. आपण उतरू नये.

यानंतर डोळ्यांचं काम. विक्रीच्या जाहिरातींमधला प्रत्येक हेडफोन चादरीवर ठेवून फोटो काढलेला असतो. हेडफोनआधी चादर बघावी. जो माणूस सहा हजारांच्या वस्तूसाठी चादरीच्या सुरकुत्या काढत नाही, त्याने हेडफोन कसा वापरला असेल? मग डोक्यावरच्या पट्टीला तडा आहे का, घडीचा सांधा सैल आहे का, वायर जिथून निघते तिथे चिकटपट्टी का गुंडाळली आहे, हे बघावं. आणि अक्षरं नीट वाचावीत. ऑडिओ-टेक्निकाचा एम५० आणि एम५०एक्स हे जुळे भाऊ दिसतात, पण आधीच्याची वायर कायमची जोडलेली असते आणि २०१४ साली आलेल्या एक्सवाल्याची निघते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा, शूटिंगमधल्या ध्वनिमुद्रकांच्या डोक्यावर नेहमी दिसणारा. दणकट आहे, पण त्याची गुंडाळीची वायर निघत नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन अवतारांत मिळतो आणि तिन्ही अवतार दिसायला जवळपास सारखेच. एका विक्रेत्याला मी फोनवर विचारलं, "कितने ओहम का है?" तो म्हणाला, "अंकल, सब ओरिजिनल ओहम है."

म्हणजे जीभही कामाला लागली. जुन्या वस्तूच्या खरेदीत सर्वात मोलाचा प्रश्न एकच, का विकताय? याची उत्तरंही ठरलेली आहेत. "गिफ्ट मिळालंय" म्हणजे बिल नाही. "फक्त दोनदा वापरलाय" म्हणजे तिसऱ्यांदा चालला नाही. "परदेशी चाललोय" म्हणणारे एवढे भेटले की ते सगळे खरोखर गेले असते तर भाईंदर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असती. किमतीला "फिक्स" म्हणणारा पाचशे उतरतो आणि "थोडं कमी होईल" म्हणणारा शंभर.

अखेर एम५०एक्स विकणाऱ्या मीरा रोडच्या एका मुलाने माझ्या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. तो म्हणाला, "अंकल, अच्छा है, पर मिड्समें मज़ा नहीं आ रहा." मिड्स म्हणजे मधले सूर. मी त्याच्या घरी गेलो. स्टेशनवर इंडिकेटरखाली उभं राहून हेडफोन तपासणारे असतात, पण तिथे उद्घोषणेचा आवाज जास्त स्पष्ट येतो. त्या मुलाच्या खोलीत भिंतभर खिळे आणि खिळ्यांना हेडफोन टांगलेले. दर महिन्याला एक आणायचा, एक विकायचा. एक्सवाल्याचा खोका त्याने जपलेला, बिल जपलेलं, ओलावा शोषणारी ती छोटी पुडीसुद्धा जपलेली. त्याची आई चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "भाईसाब, दो ले जाइए ना."

मी चहा पीत नाक पुढे केलं. हेडफोनचा वास घेणाऱ्या माणसाकडे लोक विचित्र नजरेने बघतात, पण आधीच्या मालकाचं केशतेल, त्याची सिगारेट आणि कुबट कपाट हे तिन्ही नाकालाच कळतं. मग त्वचा. कुशनवर चामडं म्हणून जे असतं ते बहुधा पॉलियुरेथेन. दमट हवेत ते हळूहळू कुजतं आणि त्याचे काळे पापुद्रे निघतात. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं असलेल्या गावात त्याचं लवकर वय होतं. असे पापुद्रे गालाला चिकटवून ऑफिसात गेलेल्या माणसाला दिवसभर "काय, सिलिंडर उडाला का?" हे ऐकावं लागतं. तेव्हा कुशन बोटाने चोळून बघावं. डोक्यावर चढवताना चष्मा काढू नये, कारण घरी चष्म्यासकटच ऐकायचं असतं. चष्म्याच्या काडीने कुशन आणि कानशील यांच्यात फट पडली की खालचे सूर तिथून निघून जातात. आणि निदान पाच मिनिटं घालून बसावं. पहिल्या मिनिटाला जो हेडफोन घट्ट वाटतो, तो बोरिवली यायच्या आत डोकं धरतो.

आता कान. जाणकार इथे इंग्रजी गाणी लावतात. मी तानपुरा लावला. अखंड, एकसारखा चालणारा आवाज असला की वायर हलवताना होणारी एवढीशी खरखरही झाकली जात नाही. गाण्याच्या धामधुमीत ती लपते. जवारीतले बारीक सूर काचेसारखे टोचतात की खुलतात हेही कळतं. मग डग्ग्याचा घुमारा. तिथे एका कानात 'घुं'च्या मागे 'चर्र' असं आलं. मुलगा हसला, कुशन काढलं आणि आतल्या पडद्यावरून चिमट्याने एक केस उचलला. दुसऱ्यांदा डग्गा स्वच्छ वाजला. हा केस माहीत नसल्यामुळे किती चांगले हेडफोन भंगारात जात असतील! मग गीतरामायण. १९५५-५६ सालचं पुणे आकाशवाणीवरचं हे काम स्टिरिओच्या आधीचं. जुनं मोनो ध्वनिमुद्रण असेल तर बाबूजींचा आवाज दोन कानांच्या बरोबर मध्ये, नाकाच्या रेषेत यायला हवा. तो एका बाजूला सरकला तर राम नव्हे, हेडफोन वनवासाला निघाला आहे असं समजावं. शेवटी 'सैराट'. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला. त्यातली व्हायोलिनं आणि आपल्याकडची तालवाद्यं एकमेकांच्या पायावर पाय न देता ऐकू आली, तर हेडफोनला गर्दीत उभं राहता येतं. आमच्या स्टेशनला हे महत्त्वाचं.

सगळं उत्तम होतं. अगदी मिड्ससुद्धा. मुलाला त्यात मजा का येत नव्हती, ते मला कळेना, आणि विचारायचं धाडस केलं नाही. त्याचं मन बदललं असतं तर?

परतीच्या गाडीत त्या भिंतीवरचे खिळे डोळ्यांपुढे होते. त्यावरून बोस कंपनीचे अमर बोस आठवले. १९७८ साली ते झुरिकहून विमानाने परतत होते. विमानातला हेडफोन त्यांना आवडला नाही आणि इंजिनाची घरघर कशी मारता येईल, याचं गणित त्यांनी तिथेच बसून मांडायला घेतलं. बाहेरचा आवाज मारणारे आजचे हेडफोन त्या चिडचिडीतून आले. असमाधानी माणसं अशी जगाला पुढे नेतात. प्रत्येक असमाधानी माणूस बोस होत नाही. बरेचसे नुसता पुढचा हेडफोन घेतात आणि मागचा निम्म्या किमतीत आपल्यासारख्याला देतात. संतांनी समाधानाचे पारमार्थिक फायदे खूप सांगितले आहेत, हा व्यावहारिक फायदा सांगायचा राहून गेला. मध्यम बजेटच्या माणसाने चांगल्या हेडफोनपेक्षा चांगला असमाधानी माणूस शोधावा. तो खोका जपतो, बिल जपतो आणि वस्तूला वैताग येण्याआधी स्वतः वैतागतो.

समाधानाच्या बाबतीत भाईंदर पूर्वेचा कान हा तयारीचा कान आहे. नव्या आवाजाची कानाला आठवडाभरात सवय होते. मग भारी आणि हलक्यातला बारीक फरक आठवतही नाही, उरतो तो कुशनचा मऊपणा आणि वायरची लांबी. अण्णांनी पहिल्याच दुपारी एका जुन्या मैफलीचं कॅसेटवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय, पण ठुमरीच्या आधी कुणीतरी खोकतं हे आज कळलं." दुसऱ्या दिवशी खोकणाऱ्याला त्यांनी ओळखलंही.

मुलीची लेक्चर्स चालली, माझी मीटिंग चालली, लोकलमध्ये वायर एकदा उतरली आणि मी राहिलो. फोनला पिनचं भोक नसल्यामुळे टाइप-सीची एक छोटी शेपटी घ्यावी लागली, तिचा हिशेब बायकोने वेगळा लिहून ठेवला.

आणि मग त्या मुलाचा फोन आला. मधल्या काळात त्याने आणखी महागडे हेडफोन आणून ऐकले होते, विकले होते. "अंकल, वो वाला वापस मिलेगा क्या? मिड्स उसी के अच्छे थे."

मी नाही म्हणणार एवढ्यात बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. जिने या वस्तूला उष्टं म्हटलं होतं, तीच गोड आवाजात म्हणाली, "बेटा, खोका है, बिल है, कुशन नया डाला है. और सिर्फ घर में यूज़ किया है." मग फोनवर हात ठेवून तिने मला विचारलं, "अहो, फिक्स म्हणू की थोडं कमी होईल म्हणू?"