सारं रानातलं

लाखनीत दिवाळी सरली, धान कापणीला आलं की काकाजी रानाकडे निघतात. नोकरीतून निवृत्त, गुडघे शाबूत, पिशवीत विळा. एकच पालुपद : "बजारातून कायले आनता बाप्पा? रानात सारं फुकट हाये!"

तुळशीच्या लग्नाला आवळा, बोरं, चिंच आणि ऊस लागतो. चौकात सगळं मिळतं. काकाजी मात्र साळ्याच्या शेतावर गाडी काढतात. पेट्रोल जळतं, बोरीचा काटा टाचेत मोडतो, पण बोरं फुकट येतात.

दारात धानाच्या लोंब्यांचं तोरण. चिमण्या चार दिवसांत ते सोलून टाकतात. उरलेली तनस काकाजी 'कलाकृती' म्हणून ठेवतात. तांदळाच्या पिठातला रांगोळीचा गणपती मुंग्या सोंडेपासून उचलायला सुरुवात करतात. नाताळच्या सुट्टीत नागपूरहून आलेल्या नातवंडांना बांबूच्या कामट्यांचा तारा करून मिळतो. चिकटवायला बाभळीचा डिंक. तारा राहतो बाजूला, नातवंडं एकमेकांना चिकटतात.

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. काकाजींच्या लग्नात आलेली पितळी ताटं मात्र माळ्यावर. पाहुण्यांना पळसाच्या पानांची, काकाजींनी स्वतः टाचलेली पत्रावळ. वरण वाढलं की ते टाके शोधत शोधत पाहुण्याच्या मांडीवर येतं. चहाऐवजी गुळवेल, तुळस आणि अडुळशाचा काढा. म्हणून ओळखीचे लोक पायरीवरूनच ओरडतात, "चहा घेऊनच आलो, काकाजी!"

खरा सोहळा सांबारवडीचा. हिवाळ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोवळी आणि वासाची. काकाजी तिचे भारेच्या भारे आणून काकूंपुढे टाकतात आणि खुर्चीत बसून तिचे पाचक गुण सांगू लागतात. निवडायची, धुवायची, कापडावर सुकवायची, बारीक चिरायची, खसखस-खोबऱ्यासोबत परतायची आणि बेसनाच्या पारीत भरून तळायची ती काकूंनी. सोबत लाखोरीचे कोवळे शेंडे खुडून आणलेले असतात. धान उभं असतानाच बांधीत फेकलेली ही लाखोरी, तिची भाजीही आजच व्हायची असते.

"रान तुमचं, हात माहे!" काकू म्हणतात. काकाजींना हा गौरव वाटतो.

त्यांचा स्वतःचा वाटा चारोळीचा. उन्हाळ्यात चाराच्या झाडाखाली वेचलेल्या बिया ते दगडाने फोडत बसतात. तासाभरात निघते चमचाभर चारोळी आणि दुखावतं एक बोट. मग काकू नातवाला हळूच किराणा दुकानात पिटाळतात. पुडी येते, सारणात मिसळते, कागद चुलीत जातो.

पंगतीत काकाजी वडी मोडून दाखवतात, "पाहा, रानातली चारोळी! दुकानात भेटन का असी?"

काकू तर्री वाढत असतात. नातू वडी तोंडात कोंबून गप्प असतो. त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात.

तुम्ही लाखनीला गेलात तर या घरी वडीच्या दिवशी जरूर जा. फक्त चहा पिऊन जा आणि ताट आपलं घेऊन जा.