वॅटचा बडेजाव
गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले; ते दर सोमवारी मौन पाळत. त्याच वर्ध्यात आता बारा बाय दहाच्या हॉलला ७.२ चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर हवा, तोही चाळीस हजारांत. खोक्यावर ठसठशीत ‘१५० वॅट’. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘६ ओहम, एकच चॅनेल, १० टक्के डिस्टॉर्शन’. बडा घर, पोकळ वासा! तीन डेसिबलने जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर घेतला, तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. पण शेजाऱ्याला सांगायला वॅटच बरे. मागचे स्पीकर दिवाणाखाली जातात. मे महिन्यात कूलर सुरू झाला की डॉल्बी अ‍ॅटमॉसही निमूट त्याला कोरस देतं.