उन्हाची टाकी

स्वीडनमध्ये गोटेनबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या चाल्मर्स विद्यापीठात कॅस्पर मोथ-पौल्सेन या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऊन द्रवात भरून ठेवायची विद्या वर्षानुवर्षं खपून बसवली. डिसेंबरात ज्या गावी दुपारी साडेतीनला दिवे लावावे लागतात, त्या गावाला उन्हाचं मोल कळणारच. आमच्या शेजारच्या काकाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते कूलरमध्ये पाणी भरत होते. पाइप न सोडता म्हणाले, "साठवून ठेवाचं कायले? कोणी नेत असन तं फुकट देतो, वरून चहा पाजतो."

काकाजींचं काही चुकलं नाही. 23 मे 2013 रोजी आमच्या नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. मे 2024 च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले. यंत्र बिघडलं होतं, असा खुलासा हवामान खात्याने मागाहून केला. पण तोवर साऱ्या गावाने तो आकडा मुकाट्याने खरा मानला होता. कोणाला शंकासुद्धा आली नाही.

गंमत अशी, की स्वीडनची ती विद्या ज्यांच्यावर चालते, तसे प्रकाश लागताच रूप बदलणारे रेणू काकाजींना अनोळखी नाहीत. ते त्यांच्या नाकावरच बसलेले असतात. उन्हात काळा होणारा चष्मा त्यांनी बर्डीच्या बाजारातून मोठ्या हौसेने करून घेतला. डिसेंबरात सकाळी फिरायला गेले की तो असा काळाकुट्ट होतो, की समोरून येणारा व्याही ओळखू येत नाही. आणि मे महिन्यात, भर दुपारी, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हा तो जेमतेम करडा. काकाजी तणतणत दुकानात गेले. दुकानदाराने काच खालीवर करून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "काकाजी, चष्मा बराबर हाय. गरमीच जास्त हाय."

दुकानदार शास्त्राला धरून बोलला होता. त्या प्लास्टिकच्या काचेतल्या रेणूंवर अतिनील किरण पडले की त्यांच्यातलं एक कडं उघडतं आणि रेणू रंग धरतो. सावलीत कडं पुन्हा मिटतं. हे मिटवायचं काम करते मुख्यतः उष्णता. हिवाळ्यात प्रकाश उघडतो आणि थंडी त्याच्या कामात फारशी ढवळाढवळ करत नाही. मे महिन्यात मात्र प्रकाशाने एक कडं उघडावं आणि उष्णतेने लगोलग दुसरं मिटवावं, असा सरकारी कारभार काचेत चालू राहतो. (कारमध्ये बसल्यावरही हा चष्मा काळा होत नाही, समोरची काच अतिनील किरण आधीच अडवते. काकाजींची ती तक्रार वेगळी.)

स्वीडनवाल्यांचा रेणू याच कुळातला, पण जास्त जिद्दी. नॉरबोर्नाडाइन त्याचं नाव. सात कार्बन, आठ हायड्रोजन. सूत्र पाहाल तर रंगाच्या थिनरमधल्या टोल्युइनचंच. प्रकाश लागला की त्याचे बंध वाकतात, आवळतात आणि क्वाड्रिसायक्लेन नावाचा अवघडून बसलेला रेणू तयार होतो. बटणाची छत्री मिटताना स्प्रिंगवर जोर लावावा लागतो, आणि खटका दाबला की तोच जोर छत्री उघडून मोकळा होतो, तसं हे. जोर लावणारा सूर्य, आणि खटका म्हणजे उत्प्रेरक. कोबाल्टच्या एका उत्प्रेरकातून हा द्रव सोडल्यावर तो 63 अंशांनी तापला, असं त्यांनी दाखवून दिलं. उष्णता बाहेर टाकली की रेणू पहिल्यासारखा, पुन्हा उन्हात ठेवायला मोकळा. धूर नाही, राख नाही.

प्रकाश आणि रेणू यांच्या देण्याघेण्यावर पुढे नोबेल मिळवणारे रामन 1910 च्या सुमारास नागपुरात लेखा खात्यात अधिकारी होते. तेव्हा या गावात बसून रेणूंचा जमाखर्च मांडायला हरकत नसावी.

मूळ नॉरबोर्नाडाइन किलोमागे साधारण 1 मेगाज्यूल धरून ठेवतं. पण त्याला हवे असलेले किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. आपल्याकडे पडणारं ऊन त्याला चालावं म्हणून त्याला शेपट्या जोडाव्या लागतात. शेपट्यांनी वजन वाढतं आणि किलोचा हिशेब 0.4 मेगाज्यूलच्या आसपास येतो. सिलिंडरमधला एक किलो गॅस सुमारे 46 मेगाज्यूल देतो. शंभरपटीहून जास्त. इथेच एखाद्याने वही मिटली असती.

पण नागपूरला हिवाळाही पडतो, हे मुंबईहून अधिवेशनाला आलेल्यांना विचारा. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर उतरला होता. समजा आंघोळीची 15 लिटरची बादली 15 अंशांवरून 40 वर न्यायची. त्याला दीड मेगाज्यूलच्या वर लागतात, म्हणजे हा द्रव चार किलो. घरात माणसं चार, डिसेंबर-जानेवारीचे दिवस 62. एकूण हजार किलोच्या जवळपास. म्हणजे गच्चीवर पाण्याची टाकी असते तेवढीच उन्हाची एक टाकी! डिसेंबरातही इथलं आकाश बहुधा निरभ्र असतं, त्यामुळे रोज भरून रोज वापरलं तर 16 किलोत भागतं. पण मग साध्या सोलरनं काय घोडं मारलंय? मजा आहे ती मे महिन्याचं ऊन डिसेंबरात अंगावर घेण्यात.

आणि ते टिकेल का? स्वीडनवाल्यांच्या एका रेणूचा साठा निम्मा व्हायला 18 वर्षं लागतात, पण खोलीच्या तापमानाला. ती खोली गोटेनबर्गची. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा घडामोडी दुप्पट ते चौपट वेगाने होतात. आमच्या 45 अंशांत त्या 18 वर्षांची फार तर साडेचार होतील, कदाचित एकच. तरीही मे ते डिसेंबर हे अंतर निभावतं, आणि मला तेवढं पुरे आहे. मात्र टाकी उघड्या गच्चीवर 60 अंशांना तापू दिली, तर साठा दिवाळीआधीच गळून जायची भीती.

हे सगळं मी काकाजींना पुन्हा, आकड्यांनिशी सांगितलं. त्यांनी काळा न झालेला चष्मा कपाळावर सरकवला.

"मंजे उन्हाच्या टाकीले सावलीत ठेवाचं?"

"हो."

"आमची पाण्याची टाकी तापू नये म्हून हिरवी जाळी आणली हाय. थोडी उरली. तुमच्या उन्हावर टाकून घ्या."