पिंपळावरचा मुंजा

"काकू, ऐकलं का? आमचे हे काल टोमॅटोला पाणी भरायला गेलेच नाहीत. लाईट रात्री बाराची, आणि म्हणे बांधावरच्या पिंपळावर मुंजा आहे."

"पिंपळगावात राहायचं आणि पिंपळाला भ्यायचं! अगं, मुंजा म्हणजे आठ-दहा वर्षांचं पोर. मुंज हे एक गवत. त्याची मेखला मुंजीत पोराच्या कमरेला बांधायची. पुढं सोडमुंज झाली की लग्नाला मोकळा. मधेच पोर गेलं की झाला मुंजा."

"पण आपल्यात कुठं मुंज होते?"

"तेच तर! तरी पिंपळाखाली शेंदूर फासलेला मुंजोबा कितीतरी शिवारांत आहे. भ्यायचा कंटाळा आला, मग देव करून टाकला."

"सिनेमात केवढा भयंकर दाखवलाय. 2024 चा तो 'मुंज्या' बघून पोरं आठ दिवस अंगणात जाईनात."

"तो कोकणातला. मला विचारशील तर समंधाला भ्यावं. संबंध या शब्दाचाच तो समंध. पोटी मूलबाळ नाही, जीव घरा-वावरात अडकलेला. मेला तरी दुसऱ्या कुणाला सुखानं खाऊ देत नाही."

"अगं बाई! तसे जिवंतच आहेत की आपल्या गल्लीत. कालच बांध कोरला."

"हळू! ओट्यावरच बसलेत."

"बसू दे. आणि खवीस?"

"तो अरबीतला खबीस. म्हणजे नीच, घाणेरडा. आपल्या लोकांनी ठरवलं, मुसलमान मेला की त्याचा खवीस. बामणाच्या पोराचा मुंजा, बाळंतपणात गेली तिची हडळ. मेल्यावरसुद्धा जातीचा दाखला लागतोच. जखीण तर मूळची यक्षिणी, कुबेराच्या घरची. आपल्याकडं येऊन काय दशा झाली बघ तिची."

"मग नुसतं भूत म्हणजे?"

"होऊन गेलेलं. भूतकाळातलं भूत तेच. पंचमहाभूतांतलं तेच, भूतदयेतलंही तेच."

"म्हणजे भूतदया भुतांवर करायची नसते?"

"तुझ्या नवऱ्यावर कर आधी!"

"सासूबाई तर भगताला बोलवा म्हणतात. मिरचीची धुरी दिली की बाहेरचं निघून जातं म्हणे."

"खुळ्या झाल्या का त्या? भूत उतरवायचं म्हणून धुरी दिली, मारलं, साखळीनं बांधलं तर गुन्हा आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड. चार दिवस पाणी चुकलं तर कॅरेट काय भरणार आहात, ते बघा आधी. त्याला म्हणावं, बॅटरी घे, पायात बूट घाल आणि जा. बांधावर मुंजा नाही, पण विंचूकाटा आहे."