स्वहस्ते ऑइल बदलू इच्छिणाऱ्यांसाठी

गाडीचे इंजिन ऑइल घरी बदलायला किती वेळ लागतो, असे लोक आम्हाला विचारतात. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास शनिवारी दुपारी पाना शोधण्यापासून सुरू होतो आणि पुढच्या गुरुवारी कधीतरी संपतो. त्यातली गाडीखाली घालवायची मिनिटे फार थोडी. बाकीचा वेळ सोसायटी, शेजारी आणि तीन लिटर काळे ऑइल यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो. मोबाइलवरचे सगळे गुरुजी ऑइल काढायला शिकवतात. काढलेले ऑइल न्यायचे कुठे, हे सांगायची वेळ आली की व्हिडिओ संपतो. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रपंच.

आधी पात्रता. गाडी वॉरंटीत असेल तर हे पान उलटावे. तिथे कौशल्यापेक्षा सर्व्हिस सेंटरच्या नोंदीला मान असतो. गाडी विजेवर चालणारी असेल तर वाचायला हरकत नाही, पण गाडीखाली शिरू नये, तिथे काढण्यासारखे इंजिन ऑइलच नाही. पैसे वाचतील म्हणून उत्साहात आलेल्यांनीही थांबावे. ऑइल आणि फिल्टर दोन्हीकडे विकतच घ्यावे लागतात. वाचते ती मजुरी, आणि पाने, जॅक-स्टँड, नरसाळे, हातमोजे यांच्या खरेदीत पुढच्या कित्येक वर्षांची मजुरी आगाऊच खर्ची पडते. मग हा उद्योग करायचा कशासाठी? कारण एकच, आणि ते अस्सल मध्यमवर्गीय आहे : संशय. बिलात ‘ऑइल फिल्टर, १ नग’ असे छापलेले असते, पण तो नग बदलला जात होता तेव्हा आपण काचेपलीकडे बसून मशीनचा चहा पीत होतो. बदलला, की नुसता पुसला? हा प्रश्न ज्याला रात्री दोनला जागे करतो, तोच या विद्येचा खरा अधिकारी.

आता ऑइलची निवड. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक पुस्तक असते. ते कंपनीने छापले आहे आणि घरात कोणीही वाचलेले नाही. कोणते ऑइल घालायचे ते त्यात लिहिलेले असते. हल्लीच्या लहान पेट्रोल गाड्यांना बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेले आढळते. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती टिकतो ते. आमच्या पुण्यात हिवाळा म्हणजे सकाळी सातला अंगात आणि अकराला कमरेला बांधलेला स्वेटर; मग विंटरशी आपला काय संबंध, असे विचारू नये. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या दृष्टीने मे महिन्यातली पहाटसुद्धा थंडच. किल्ली फिरवल्यावर ऑइल वरच्या भागापर्यंत पोचायला जे काही क्षण लागतात त्यांत झीज होते, आणि पातळ ऑइल तिथे लवकर पोचते.

हे ज्ञान घेऊन ऑइल आणायला नाना पेठेत जावे, पण ते दुकानात उघड करू नये. दुकानदार आणि त्याच्या स्टुलावर बसलेला अनोळखी गृहस्थ, दोघेही २०डब्ल्यू-४० चे उपासक असतात. “साहेब, जाड टाका. इंजिन शांत राहतं.” आपण पुस्तक दाखवावे. ते पुस्तकाकडे बघून हसतील. तरीही पुस्तकातलेच मागावे. डब्यावर एपीआयची दोन अक्षरे असतात. एसने सुरू होणारी पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. झाकणाचे सील नीट पाहावे. लहान हॅचबॅकला तीन ते साडेतीन लिटर पुरते, नेमका आकडा पुन्हा त्या पुस्तकातच. फिल्टर आपल्या मॉडेलचाच घ्यावा. आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याच्या, नटाचा नवा वायसर मागावा. “जुनाच चालतो हो,” असे उत्तर येईल. तो दुसऱ्यांदा मागावा. मऊ धातूची ही छोटी चकती एकदा दाबली गेली की तिचे काम झाले. पुन्हा वापरली तर ती फरशीवर रोज एक थेंब टाकून आपली आठवण ठेवते.

मुहूर्त. खंडेनवमीला पान्यांची पूजा करून विजयादशमीला कामाला लागावे, असे भाविकांना वाटेल, पण सोसायटीत मुहूर्त टँकरवाल्याच्या हातात असतो. ऑइल बदलायला सपाट जागा लागते, कारण उतारावर डिपस्टिक खोटे बोलते आणि गाडी खरोखर चालू लागते. आणि सोसायटीतली एकमेव सपाट जागा टँकरच्या वाटेवर असते. गाडी जॅकवर, आपण गाडीखाली, नट अर्धा सुटलेला, आणि फाटकात टँकरचा हॉर्न, हा योग टाळण्यासाठी टँकर येऊन गेल्याची खात्री वॉचमनकडून करून घ्यावी. वॉचमन “येऊन गेला” म्हणाला तरी अर्धा तास वाट पाहावी. दुसरा येतो.

गाडीखाली शिरणे हा प्रकार कंपनीने विचारात घेतलेला नाही. आपल्याकडच्या लहान गाड्यांच्या पोटाखाली साधारण १६५ मिलिमीटर जागा असते. खड्डे आणि गतिरोधक यांच्या हिशेबाने ती ठीक. दिवाळीनंतरच्या गृहस्थाच्या हिशेबाने नाही. म्हणून गाडी उचलावी लागते, आणि इथे थोडा वेळ विनोद बाजूला ठेवतो. डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी, गाडी जॅक-स्टँडवर टेकवावी आणि ढकलून पाहावी. स्टँडऐवजी विटा रचू नयेत. वीट तडकताना आधी सूचना देत नाही. एवढे सामान नसेल तर काम गॅरेजात करून घ्यावे आणि हा लेख तिथल्या बाकावर बसून वाचावा.

पाठीखाली जुने बॅनर पसरून आपण आडवे झालो की साधारण दीड मिनिटात प्रेक्षक जमतात. खालून त्यांच्या फक्त चपला दिसतात. त्यावरून माणूस ओळखण्याचा सराव ठेवावा. पॉलिश केलेले काळे सँडल आणि आत मोजे, म्हणजे टेल्कोतून निवृत्त झालेले काका. कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले, काकांचे झालेले नाही. त्यांच्याकडे टॉर्क रेंच असतो.

“काका, जरा टॉर्क रेंच मिळेल का?”

“मिळेल की. किती न्यूटन-मीटरला लावणार आहेस?”

“पुस्तकात बघून सांगतो.”

“मग आधी बघून ये. मी कुठं जात नाही.”

काकांवर रागावू नये. त्या संपूर्ण पार्किंगमध्ये बरोबर प्रश्न विचारणारा तो एकच माणूस आहे. बाकीचे “गाडी बिघडली का?” एवढेच विचारतात. “नाही, ऑइल बदलतोय,” असे सांगितल्यावर त्यांच्या आवाजात जी करुणा येते ती आपल्या आर्थिक स्थितीबद्दल असते.

गाडी उचलण्याआधीच इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. कोमट ऑइल पटकन वाहते. कडक ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत जाते. बोनेट उघडून वरचे झाकण सैल करावे, म्हणजे आत हवा शिरून धार मोकळी पडते. आता खालचा नट. घड्याळाच्या उलट फिरवायचा, हे उभ्या माणसाला लगेच कळते. आडव्या माणसाला घड्याळ कुठून बघायचे तेच कळत नाही. भल्याभल्यांनी तो सोडवायच्या हट्टाने आणखी आवळून ठेवलेला असतो. डोके नटाकडे, नजर सरळ नटावर, आणि डावीकडे. शेवटचे आटे हाताने सोडवावेत. नट निसटून घमेल्यात पडतो. पडू नये म्हणून पुष्कळ युक्त्या सांगितल्या जातात, तो पडतो.

घमेले नटाच्या बरोबर खाली ठेवलेले असते, ही चूक. पहिली धार सरळ खाली येत नाही. ती तिरपी, जोमाने, घमेल्याच्या कडेवरून पलीकडच्या फरशीवर जाते. म्हणून घमेले धारेच्या दिशेने पुढे ठेवावे आणि जोर ओसरेल तसे मागे ओढावे. ते बांधकामाचे असावे. पुरणाची परात आणू नये. ती नंतर कितीही घासली तरी घरातल्या स्मरणशक्तीतून डाग जात नाही.

फिल्टर हाताने निघत नाही, कारण मागच्या खेपेला तो लावणाऱ्याने पुढच्या खेपेचा विचार केलेला नव्हता. पट्ट्याचा पाना लावावा. फिल्टर निघाला की तो हातात घेऊन विजयी मुद्रेने उभे राहण्याआधी त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का ते बघावे. ती कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रबरांमधून नवे ऑइल पहिल्याच फेरीत रस्त्यावर येते. नव्या रिंगला बोटाने नवे ऑइल लावावे, फिल्टर हातानेच फिरवावा, रिंग टेकली की आणखी पाऊण वळसा. नटाला नवा वायसर घालून तो काकांच्या रेंचने, काकांच्या देखरेखीखाली, पुस्तकातल्या आकड्याला आवळावा. अंगातली ताकद इथे दाखवू नये. चेंबरचे आटे गेले तर नवा चेंबर येतो, आणि त्याचे बिल पाहून गॅरेजवाला आपल्याला चहा पाजतो.

एवढा वेळ गाडीची किल्ली नव्या ऑइलच्या डब्याला बांधून ठेवावी. टँकरवाल्याने हॉर्न मारला की घरातले कोणीतरी प्रेमाने “मी काढते ना गाडी” म्हणून खाली येते, आणि इंजिनात त्या वेळी ऑइल नसते. नवे ऑइल नरसाळ्याने घालताना अर्धा लिटर मागे राखावे, गाडी स्टँडवरून खाली उतरवून डिपस्टिक पुसून बघावी, मग थोडे थोडे करत दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जरा खाली आणावे. जास्त झालेले ऑइल इंजिनाला लाभत नाही. फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस काढतो. इंजिन मिनिटभर चालवावे, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो का आणि खाली कुठे गळते का ते बघावे, बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. झाले. बहुतेक मार्गदर्शने इथे अभिनंदन करतात.

घमेल्यात आता तीन लिटर काळे ऑइल आहे. “बघ, किती खराब झालं होतं!” असे सगळे म्हणतील. काळे होणे हे ऑइलचे कामच आहे. काजळी इंजिनाला चिकटू न देता ते स्वतःत धरून ठेवते. पण त्यावर व्याख्यान देऊ नये, कारण करुणेने आलेल्या त्या प्रेक्षकांतून आता वारस निघू लागतात. वॉचमनला गेटच्या बिजागरीसाठी वाटीभर हवे असते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंचे मुळशीकडे शेत आहे, तिथल्या लाकडी खांबांना वाळवी लागते. समोरच्या बांधकामावरचा मुकादम सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागतो. पावसाळ्याआधी गाडीच्या पत्र्याला खालून याचाच फवारा मारणारे एक जण असतातच. प्रत्येकाला थोडे हवे असते, सगळे कोणालाच नको असते.

कोणालाही देऊ नये. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि ज्वलनाचे घातक अवशेष असतात. ते खांबावरून मातीत, फवाऱ्यावरून ओढ्यात जाते. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका वेळी बदललेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. आपल्याकडे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत त्याचे नाव आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलची विल्हेवाट ही उत्पादकाचीही जबाबदारी झाली आहे. नियम उत्पादकाला शोधतात. पार्किंगमध्ये घमेले धरून आपण उभे असतो. न्यू जर्सीतला भाचा फोनवर म्हणतो, “मामा, इथे पार्ट्सच्या दुकानात फुकट घेतात.” त्याला शुभेच्छा द्याव्यात.

ऑइल थंड झाल्यावर नरसाळ्याने नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरावे. खरे तर रिकाम्या डब्याला भोक पाडून टाकतात, म्हणजे त्यात बनावट माल भरून कोणी विकत नाही; पण भोक पाडलेल्या डब्यात आपले ऑइल राहत नाही, तेव्हा आधी नेणे आणि मग भोक, असा क्रम. फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळावा. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘जळके ऑइल’ लिहावे. बाल्कनीतल्या तेलाच्या डब्यांशेजारी ठेवू नये.

सोमवार, मंगळवार, बुधवार हा डबा डिकीत फिरतो. गुरुवारी तो गॅरेजात न्यावा. गॅरेजात मोठे पिंप असते, ते भरले की अधिकृत परवाना असलेला माणूस घेऊन जातो. परवान्याचे विचारून घ्यावे. सोयीचे गॅरेज बहुधा तेच निघते, ज्याच्यावरच्या संशयापायी हे सगळे झाले. गॅरेजवाला डबा पिंपात रिकामा करेल, हात पुसेल आणि सहज विचारेल, “फिल्टर बदलला का?” बदलला, असे ठामपणे सांगावे. तो मान हलवेल, पण त्याचा विश्वास बसलेला नसतो.

राहिला फरशीवरचा डाग. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून दोन-तीन तास ठेवावी, झाडून गोळा करावी, पाइपने गटारात ढकलू नये. तरी फिकट वर्तुळ उरते. त्यावरून सेक्रेटरींची नोटीस निघते : पार्किंगमध्ये वाहनांची दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. तिच्यावर सही घ्यायला वॉचमन दारात येतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात वाटी असते. सही करावी. शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ती आणून त्याला द्यावी.